तानुबाईचं घंगाळ

मोहिनी आणि मनोज इंदिरानगरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले ते नव्व्याण्णवच्या गुढीपाडव्याला. दिवाळी झाली तरी त्यांच्या हॉलमध्ये सोफा काही आला नव्हता. त्याच्या जागी खिडकीत लोखंडी वजनांची उतरंड होती, एका भिंतीवर लाकडी मिसळणाचा डबा उभा ठोकलेला होता आणि त्याच्या कप्प्यांत लाइटची बिलं, पत्रं, रबरबँड असं काहीबाही राहत होतं. पितळी स्टोव्हच्या टाकीवर बल्ब बसवून त्याचा दिवा केलेला होता. पाहुणे आले की सतरंजीवर बसत आणि चहा पिताना नजर चोरून त्या दिव्याकडे बघत.

"आपल्याकडे काही अडचण आहे असं वाटतं लोकांना," मनोज म्हणायचा. तो अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याच्या मित्रांच्या घरी सोफे होते, सोफ्यांना पांढरे क्रोशाचे रुमाल होते.

"वाटू देत. आपल्याला आवडतंय ना?"

"तुला आवडतंय. मी सतरंजीवर बसतोय."

पण तो हसतच म्हणायचा, त्यामुळे मोहिनीचं फावत होतं. ती शाळेत चित्रकला शिकवायची. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती तडक भांडीबाजारात भिमाजीकाकांच्या दुकानी जायची. भिमाजीकाका मोड घ्यायचे. गावोगावच्या बायका जुनी तांब्या-पितळेची भांडी त्यांच्याकडे आणून टाकायच्या आणि शेजारच्या दुकानातून स्टीलची नवीन घेऊन जायच्या. दर मंगळवारी टेम्पो यायचा आणि तो ढीग भट्टीकडे जायचा. मंगळवारच्या आत जे हाताला लागेल ते आपलं, असा मोहिनीचा हिशेब.

दिवाळीनंतरच्या शनिवारी ढीग पार छतापर्यंत गेला होता. धनत्रयोदशीला सगळ्यांना नवी भांडी लागतात, तेव्हा जुन्यांवर संक्रांत येतेच. मोहिनी पदर खोचून ढिगाशी बसली. चेपलेले तांबे, बूड गेलेली पातेली, झारे, एक कान तुटलेली परात. आणि त्याखाली पालथं पडलेलं तांब्याचं घंगाळ. जुन्या काळी अंघोळीचं पाणी काढायला असायचं तसं, बसकं, रुंद तोंडाचं. दोन्ही बाजूंना जाड कड्या, आणि काठाला नाजूक वेलबुट्टी. काजळीनं ते इतकं काळं पडलं होतं की वेलबुट्टी बोटांनाच कळली, डोळ्यांना नाही.

"काका, हे मला."

"बाई, जड आहे हो. रिक्षावाला कुरकुर करेल."

रिक्षावाल्यानं कुरकुर केलीच. घरी येऊन मोहिनीनं चिंच आणि मीठ घेतलं आणि रविवारचा अख्खा दिवस बाथरूममध्ये काढला. संध्याकाळी घंगाळ उगवत्या सूर्यासारखं दिसायला लागलं, आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव वर आलं: 'सौ. तानुबाई भ्र. पुंजा कुटे, मु. सायखेडे, १९५६.'

"भ्र. म्हणजे?" मनोजनं विचारलं.

"भ्रतार. नवरा."

"आणि हे खाली काय खरडलंय?"

नावाच्या खाली खरंच काहीतरी होतं. भांडी कोरणाऱ्याच्या हातचं ते नव्हतं. कुणीतरी टोकदार वस्तूनं ओरबाडून काढलेली दोन वाकडी अक्षरं होती. मोहिनीनं त्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हातानं घासली. कागदावर पांढरी अक्षरं उमटली. 'माझ.'

"माघ असेल," मनोज म्हणाला. "माघ महिना."

"माघ नाही. माझं. अनुस्वार राहिलाय नुसता."

ती कागद हातात धरून बसून राहिली. इतक्या भांड्यांवर नावं वाचली होती तिनं. लग्नातल्या भेटी, बारशाच्या भेटी, कुणाकडून कुणाला. पण 'माझं' असं कुणी लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे एक म्हातारी उभी राहिली. पोरांनी तिला न विचारता घंगाळ मोडीत घातलं असणार. ती बिचारी रोज माळ्यावर बघत असेल. आणि आपण त्यात पाणी भरून झेंडूची फुलं सोडणार!

"आपण ते परत देऊन येऊ," ती म्हणाली.

मनोजनं तिच्याकडे पाहिलं, मग घंगाळाकडे पाहिलं. त्याच्या मनात सोफ्याची आशा जागी झाली असावी, कारण तो एका शब्दात हो म्हणाला.

पुढच्या रविवारी सकाळी दोघं निघाली. स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी घंगाळ, त्याच्या दोन्ही बाजूंनी पाय फाकून मनोज, आणि मागे मोहिनी. ओढा गावात चहाला थांबली तर हॉटेलवाल्यानं घंगाळ वाजवून पाहिलं आणि केवढ्याला देता म्हणून विचारलं. पुढे एका ट्रॅक्टरवाल्यानं ओरडून विचारलं, "लग्न कोणाकडं हाय?" चांदोरीचा पूल ओलांडून सायखेड्यात शिरेपर्यंत मनोजचे गुडघे अवघडून गेले होते.

पारावर विचारलं तर एकानं घंगाळ बघूनच बोट केलं. "पुंजानानाच्या घरचं दिसतंय. तानुमावशी ना? त्या पाण्याच्या टाकीपासून डावीकडं. निळं घर."

निळ्या घराच्या ओट्यावर साठीची एक बाई लसूण सोलत बसली होती. अंगानं भक्कम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. स्कूटर थांबली, तिची नजर घंगाळावर गेली आणि तिच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"अगं बया! हे परत कसं आलं?"

मोहिनी स्कूटरवरून उतरली. वाटेत जुळवलेली दोन्ही वाक्यं ती विसरली. "मावशी, तुमचं आहे ना हे? मला मोडीत सापडलं. तुम्हाला परत द्यायला आणलंय."

"परत?" तानुबाईचा चेहरा पडला. "का गं पोरी? गळतंय का काय?"

"नाही, नाही! पण तुमचं नाव आहे ना त्यावर. आणि खाली माझं असं लिहिलंय. मला वाटलं, तुमच्या घरच्यांनी तुम्हाला न विचारता..."

तानुबाई मोठ्यांदा हसली. इतकी हसली की मांडीवरचा लसूण ओट्यावर सांडला. "घरच्यांनी? त्यांची हिंमत हाय का? म्या विकलं. म्या सोता, येष्टीत मांडीवर घेऊन गेले, सोता वजन करून घेतलं. पोरं नगं नगं म्हणत व्हती. म्हणली, आई, जुनी आठवण हाय. म्हणलं, आठवण घासायला तुम्ही येता का?"

तिनं दोघांना आत बसवलं, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि मग स्वतःच घंगाळ जवळ ओढून त्या दोन अक्षरांवरून बोट फिरवलं.

"हे आकड्यानं कोरलं म्या. केसात खोचायच्या. पाच जावा व्हतो आम्ही. सगळं सगळ्यांचं, म्हंजी थोरल्या जावंचं. अंबूबाई तिचं नाव. तिच्या पोरीचं लगीन निघालं आन् ही म्हणती, तानूचं घंगाळ देऊ रुखवतात. माझ्या मामानं दिल्यालं! मी कधी तोंड उघडलं नव्हतं त्या घरात. पर थोरला पोरगा तव्हा शाळंत जायला लागला व्हता. त्याच्या पाटीवर बघून बघून अक्षरं गिरवायची मी. दुपारची सगळी मळ्यात गेली, मी घंगाळ घेऊन न्हाणीत बसले आन् लिवलं."

"मग?" मोहिनी पुढे सरकली.

"मग काय! सासऱ्यानं वाचलं. घरभर हसू. माझं म्हणती ही! वरीसभर मला माझंबाई म्हणून हाका मारीत व्हते. पर त्या घंगाळाला कोणी हात लावला नाय. अंबूबाईनं सुदिक नाय."

"एवढं जिवापाड जपलेलं, आणि मोडीत दिलंत?" मोहिनीला राहवलं नाही.

तानुबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं मोहिनी स्वतः वर्गात एखाद्या हुशार पण वेंधळ्या मुलीकडे पाहायची. "माझं व्हतं म्हणून तर विकता आलं, पोरी. दुसऱ्याचं कोणी विकतं का?"

मनोजला ठसका लागला. गेला आठवडाभर मोहिनीनं मनात रंगवलेली ती बिचारी म्हातारी कुठल्या कुठे पळाली होती, आणि समोर ही बाई कपाळावरचं कुंकू सारखं करत बसली होती.

"आन् त्याचं काय घेतलं ते बघायचं का?" तानुबाई उठली.

मधल्या खोलीत भिंतीला लागून एक काचेचं शोकेस होतं. नवंकोरं, सनमायक्याचं, आत आरसा लावलेलं. आरशामुळे सगळ्याच वस्तू दुप्पट दिसत होत्या. प्लॅस्टिकचे दोन हंस, शिर्डीहून आणलेली मान डोलावणारी बाहुली, शंखांचं गलबत, लाल-पिवळ्या गुलाबांची फुलदाणी, धाकट्या मुलाला कबड्डीत मिळालेला कप, आणि मधोमध पांढरा ताजमहाल. तानुबाईनं बटण दाबलं. ताजमहाल आतून गुलाबी पेटला, मग हिरवा, मग निळा.

"सांजच्याला लावते मी. समद्या गल्लीच्या बाया येत्यात बघायला."

एरवी मोहिनीनं अशा ताजमहालाकडे पाहून नाक मुरडलं असतं. शाळेत ती मुलींना सांगायचीसुद्धा, घर सजवताना भडक रंग टाळावेत. पण तानुबाई त्या रंगांच्या उजेडात उभी होती, गाल गुलाबी, हिरवे, निळे होत होते, आणि तिच्याइतकं खूश माणूस मोहिनीनं बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"छान आहे हो, मावशी," ती म्हणाली, आणि आपण हे मनापासून म्हणालो याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"तू काय करतीस घंगाळाचं? न्हाणीत ठेवलं?"

"हॉलमध्ये. पाणी भरून फुलं सोडणार आहे."

"फुलं?" तानुबाईनं पदर तोंडाला लावला. "अगं, त्यात बसवून चार पोरं धुतली म्या! बघाया आलंच पायजे."

मनोजनं मुकाट्यानं घंगाळ पुन्हा स्कूटरवर चढवलं. या खेपेला त्यात कोबीचे दोन गड्डे आणि कांदेही होते.

आणि तानुबाई खरंच आली. पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारी, पिशवीत शेंगा घेऊन. मोहिनीनं घंगाळ काठोकाठ भरून शेवंती सोडली होती. तानुबाई त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली, पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाली, "गार हाय." मग तिनं घरभर फिरून एकेक वस्तू हातात घेतली. लोखंडी वजनांतलं एक उचलून सांगितलं की हे खोटं हाय, खालून कोरलंय, वाण्याचं काम. मिसळणाच्या डब्यातून लाइटचं बिल काढून वास घेतला. "जिऱ्याचा वास येतोय अजून." दिव्यापाशी मात्र ती बराच वेळ थांबली. "ह्या स्टोव्हनं माझ्या भुवया जाळल्यात. आता बरा गरीब झालाय."

मोहिनी वहीत लिहून घेतल्यासारखी सगळं ऐकत होती. इतके दिवस या वस्तूंचा आकार, कड, रंग एवढंच तिनं पाहिलं होतं. कुणाच्या भुवया जळल्या हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आता सांगा, कसं वाटलं घर?"

तानुबाई सतरंजीवर मांडी घालून बसली. "घर ग्वाड हाय. पर लय गप हाय, पोरी. समदं तपकिरी. एखादं तरी चमकणारं पायजे, डोळ्याला गंमत वाटंल असं." आणि मनोजकडे वळून, "आन् ह्यांना बसायला काहीतरी घ्या. माणूस कवर खाली बसंल?"

मनोजनं तिला तिथल्या तिथे वाकून नमस्कार केला.

तिसऱ्या प्रहरी मोहिनी तिला भांडीबाजारात घेऊन गेली. भिमाजीकाकांनी तिला लगेच ओळखलं. "या ना, तीनदा वजन करायला लावणाऱ्या मावशी!"

"काटा हलत व्हता तुमचा," तानुबाई म्हणाली आणि ढिगाकडे वळली. मोहिनी जशी बसायची तशीच ती पदर खोचून बसली. पितळेकडे, तांब्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. हातानं सगळं बाजूला सारत गेली आणि अगदी तळातून एक वस्तू ओढून काढली. छताला टांगायची निळ्या काचेची हंडी होती ती, पितळी साखळीला लटकलेली. काकांनी साखळीच्या पितळेसाठी घेतलेली, काच अजून फोडायची राहिलेली. तानुबाईनं ती उन्हात धरली. तिच्या लुगड्यावर, हातांवर, भिमाजीकाकांच्या टकलावर निळे डाग पडले.

मोहिनीनं हात पुढे केला. आठ महिने ती या ढिगाशी बसत होती आणि अशी वस्तू तिच्या हाती लागली नव्हती. आपल्या हॉलच्या मधोमध ती कशी दिसेल हे तिला लख्ख दिसलं.

"मावशी," ती चाचरत म्हणाली, "ही मला..."

"नाय," तानुबाई म्हणाली. "ही माझी."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या आणि एकदमच हसत सुटल्या. मग तानुबाईनं भिमाजीकाकांशी भाव करायला सुरुवात केली. ते बराच वेळ चाललं. शेजारच्या दुकानातला माणूस ऐकायला येऊन उभा राहिला. शेवटी काकांनी हात जोडले आणि साखळी पुसायला फडकं वरून दिलं.

निमाणीच्या स्टँडवर सायखेड्याची गाडी लागलीच होती. तानुबाईनं खिडकीची जागा धरली आणि हंडी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी कवटाळून. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"मावशी, ते काचेचं वर ठेवा, नाहीतर त्याचं निराळं तिकीट लागेल."

"फाड की," तानुबाई म्हणाली. "अर्धं फाड. बारकी हाय अजून."

गाडीत हशा पिकला. मोहिनी खाली उभी राहून हात हलवत होती. गाडी वळली तेव्हा खिडकीतून तानुबाईनं डोकं बाहेर काढलं आणि ओरडून सांगितलं, "पुढल्या शनिवारी लवकर जा! तिथं पिवळी बी हाय एक, मागच्या कोपऱ्यात, पोत्याखाली!"

मोहिनीनं घड्याळात पाहिलं. दुकान बंद व्हायला अजून अर्धा तास होता. तिनं रिक्षाला हात केला.