समुद्रसपाटीचा दाब

घरात तिला ‘मापवाली’ म्हणत. मीठ घालतानाही चमचा सुरीने सपाट करून घेणारी बाई. तिच्या हातचं कधी खारट झालं नाही, आणि कुणी कधी बोटंही चाटली नाहीत. नोकरीही स्वभावाला साजेशीच मिळाली होती. कर्करोगाच्या रुग्णालयात किरणांचं यंत्र ठरवलेलाच डोस देतंय ना, हे ती तपासायची. बोटभर लांबीचा मापक पाण्याच्या टाकीत धरायचा, यंत्र चालवायचं, आकडा बघायचा.

त्याच यंत्राखाली सध्या तिचा धाकटा दीर घशाच्या कर्करोगासाठी झोपत होता. चारचौघांत कुणाला बोलू न देणारा गडी, आता पाण्याचा घोट घेतानाही डोळे मिटून घ्यायचा.

“वहिनी, तुमचं यंत्र फार तिखट झालंय,” तो एकदा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“भावोजी, यंत्र मी स्वतः मोजलंय. तुम्हीच नाजूक.”

सासूबाईंनी री ओढली, “सुई दिसली की पलंगाखाली शिरायचा हा.”

मापवालीने मोजलंय म्हटल्यावर डॉक्टरही काय बोलणार? त्यांनी गुळण्यांचं औषध वाढवून दिलं.

मग नेहमीप्रमाणे बाहेरचा तपासनीस आला, स्वतःचा मापक पेटीत घेऊन. त्याचं उत्तर तिच्यापेक्षा चांगलंच जास्त निघालं. याचाच मापक बिघडलेला असणार, असं तिला वाटलं. दुसऱ्याच्या मापात खोट काढायला वेळ लागत नाही. पण दोन्ही मापक आळीपाळीने एकाच जागी धरले, तर दोघे जुळ्या भावांसारखे बोलले. फरक पडत होता तो नंतरच्या हिशेबात, जिथे हवेचा दाब धरून आकडा दुरुस्त करतात.

“हवेचा दाब कशावर बघता?” तपासनीसाने विचारलं.

“दाबमापक पडून फुटला. नवीन यायचाय. तोवर मोबाइलवर, हवामान खात्याचा.”

त्याने आपला दाबमापक तिच्या मोबाइलशेजारी ठेवला आणि हळूच विचारलं, “बाई, समुद्र किती लांब आहे हो इथून?”

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. शहर डोंगरावर. हवामान खातं गावागावांची तुलना करता यावी म्हणून प्रत्येक गाव समुद्रकाठी असल्यासारखा दाब छापतं. मापक मोजतो तो आपल्या आतल्या पोकळीतल्या हवेवरून, आणि तिथे मात्र इथलीच विरळ हवा. तो कमी दाखवणारच. ती तूट खऱ्या दाबाने भरून काढायची असते. तिने भरली समुद्राच्या दाबाने, म्हणजे भरलीच नाही. मग यंत्रच कमी देतंय समजून डोस वाढवून घेतला होता. तिनेच. आकडे काय सुरेख जुळले होते तेव्हा.

विभागप्रमुखांनी दार लोटून घेतलं. “आजच दुरुस्त करा. घसे काय, किरणांनी भाजतातच. गवगवा कशाला?”

तिने यंत्राची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि ती बाहेर गेली.

बाकावर दीर गळ्याभोवती मऊ रुमाल गुंडाळून नंबराची वाट बघत होता. शेजारी तसेच आणखी रुमाल. ती त्याच्याजवळ बसली आणि सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता.

त्याने गळ्याभोवतीचा रुमाल सैल केला.

“म्हणजे मला खरंच दुखत होतं.”

“हो.”

“आवाज परत येईल?”

सगळ्या गोष्टींचं माप ठेवणाऱ्या बाईकडे याचं नव्हतं. “माहीत नाही, भावोजी.”

“आईला तुम्हीच सांगा. माझं तिला खरं वाटायचं नाही.” त्याने कष्टाने आवंढा गिळला आणि बाकावरच्या रांगेकडे मान वळवली. “आणि यांनाही. मी रोज म्हणायचो यांना, वहिनीनं मोजलंय, सोसा थोडं.”

ती उठली आणि पहिल्या रुमालासमोर जाऊन उभी राहिली.