केवळरामाचा डोह

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनात बुवा उत्तररंगाला आख्यान लावतात ना, तसं एक आख्यान सांगतो. यात देव शेवटी धावून येत नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

मी एक जुना डोंगा आहे. पवनीच्या खालच्या अंगाला, वैनगंगेच्या काठी उपडा पडलो आहे. नदीवर मासेमारी करून जगणाऱ्या ढिवरांपैकी केवळरामने मोहाचं एक अख्खं खोड कोरून मला घडवलं. त्याच्या बायकोने, धुरपताने, मला हळदकुंकू लावून पाण्यात सोडलं.

वैशाखात नदी आटली की सारे मासे आमच्या खोल डोहात येऊन राहत. त्यांच्या पोटात अंडी असत. म्हणून पाऊस लागेपर्यंत तिथे कोणी जाळं टाकायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. देवळातलं भजन आटोपलं की केवळराम मला डोहाच्या मध्यावर नेई, झांज वाजवी आणि मुरमुरे टाकी. हळूहळू मासे झांज ओळखू लागले. वाजली की मोठमोठे रोहू वर येत.

"मासे धरायचे सोडून त्यायले भजन आयकवता काय?" धुरपता काठावरून म्हणे.

"तू त भजनात झोपते. हे जागे रायतेत."

भैय्यालाल नावाचा मासळीचा एक व्यापारी ट्रक घेऊन गावात येई. भजनाला पुढे बसे, नारळ फोडी. एकदा तो माझ्यात बसला.

"खरंच येतात का हो झांजेवर?"

"तुमीच वाजवून पाहा ना, शेठजी," म्हणत केवळरामने झांज त्याच्या हातात दिली. मासे आले. केवळरामचा चेहरा काय फुलला होता!

एक्याऐंशीच्या मे महिन्यात सारा गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला होता. भैय्यालालची माणसं आली. मला नुसता दोर बांधलेला. तो त्यांनी सोडला. डोहाच्या मध्यावर झांज वाजवली. मासे मुरमुऱ्यांसाठी वर आले. मग मला काठाकडे वल्हवत त्यांनी सुरुंगाची पेटती कांडी मागे फेकली.

पाणी उभं राहिलं. खाली बसलं, तेव्हा सारा डोह पांढऱ्या पोटांनी भरला होता. मोठे मासे ट्रकमध्ये गेले. बाकीचे, फुटलेल्या अंड्यांसकट, तिथेच सडले. असं मासे मारणं कायद्याने बंद आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

नवराबायको एसटीने भंडाऱ्याला तक्रार करून आले आणि माझ्या काठावर टेकले. साहेबाच्या खोलीत केवळराम एकटाच गेला होता.

"साहेब म्हनते, पायलं कोनं? म्या म्हनलं, गाव जंगलात होतं."

"आन् त्या शेठले झांज वाजवाले कोनं देल्ली, हे सांगतलं काय?"

केवळराम उठला आणि माझ्या दोराला आणखी एक गाठ मारू लागला.

पाहणारा मी होतो, मित्रांनो. पण लाकडाची साक्ष कोण लिहून घेतो?

पाऊस आला, अंडी घालायला मासेच नव्हते. पुढच्या साली आणखी कोणीकोणी सुरुंग टाकले. केवळरामच्या जाळ्यात पाला येऊ लागला. तो भजनात मागे, दाराशी बसू लागला. मग भजनालाही येईना. विटाभट्टीवर कामाला गेला, खोकला घेऊन परतला आणि पोळ्याच्या आधी वारला. नदीकाठची धुरपता आता बाजारात दूरच्या समुद्राचे सुके बोंबील विकते.

नदी जपा, असं सांगणार होतो. पण आमच्या डोहात जपायला काही उरलेलं नाही. एवढंच करा. ढिवरांनीच नदी ओरबाडून खाल्ली, असं कोणी तुमच्यासमोर म्हणालं, तर केवळरामाची आठवण ठेवा.