पन्नास इंची दादा

माझा मॉनिटर गेला तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला तो, किती वर्षांचा होता. मी म्हणालो, नऊ. "म्हणजे काही वय नव्हतं," ती म्हणाली.

मी लोकांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांची ड्रॉइंग करतो. कुठला खण कुठे बसणार, कुठलं दार कुठल्या बाजूला उघडणार, सगळं. काम थांबवून चालणार नव्हतं, म्हणून मी कॉम्प्युटरचा डबा उचलून हॉलमध्ये आणला आणि त्याची केबल टीव्हीच्या पाठीत खुपसली. टीव्ही पन्नास इंची आहे. दादाने पाठवलेला. हे मी आधीच सांगायला हवं होतं, पण ते सांगायला मला आवडत नाही.

पहिल्या दिवशी टीव्हीने चित्राच्या चारही कडा खाल्ल्या. खालची पट्टी गायब, फाइल बंद करायची फुली गायब. मी अंदाजाने भिंतीच्या दिशेने क्लिक करत होतो. मग रिमोटच्या मेनूत खोल कुठेतरी एक सेटिंग सापडलं आणि कडा परत आल्या. त्या मेनूशी माझी ओळख अशी झाली. पुढे ती फारच वाढली.

तो आठवडा आमच्या घरातला सोन्याचा आठवडा होता. मी टीव्हीसमोर खुर्ची टाकून काम करायचो आणि आई मागे सोफ्यावर बसून लोकांची कपाटं बघायची. तिला मालिकांपेक्षा ती आवडायला लागली. कपाटांवरून ती माणसं ओळखायची. ताटांचा खण मोठा असला की म्हणायची, या बाईकडे सारखे पाहुणे येतात, बिचारी. एका नवराबायकोने दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत दोन सिंक मागितली होती. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हे फार दिवस टिकायचं नाही. मी म्हणालो, लाकूड चांगलं वापरतोय. ती म्हणाली, लाकडाचं कोण बोलतंय.

इतकं आम्ही गेल्या कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. आणि मग दादा आला.

दादा लांब राहतो. आधी तो आईच्या फोनवर यायचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आई फोन कधी लांब धरायची, कधी जवळ. तिला त्याचं नाक दिसायचं तर त्याला तिचा पंखा. दोघं एकमेकांना "दिसतोय का, दिसतोय का" विचारायचे आणि फोन संपायचा. तिकिटाएवढ्या दादाबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. एका संध्याकाळी आई म्हणाली, बारक्या, त्याला पण इथे लाव की, कपाटांच्या जागी. बारक्या म्हणजे मी. मी टीव्हीवर कॅमेरा चिकटवला. स्वतःच्या हाताने.

दादा प्रकटला. त्याचा एकेक कान माझ्या पंजाएवढा होता. कपाळावर ट्रे ठेवता आला असता. आईचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडे गेला.

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी आमच्याकडे राहायला लागला. दुसरा शब्द नाही त्याला. तो तिकडे जेवायचा, आई इकडे, मी मधे. त्याला कॅमेऱ्यातून आमचा हॉल दिसायचा आणि हॉलबद्दल त्याला मतं होती. सोफा खिडकीखाली छान दिसेल, असं त्याला वाटलं. दादाने सुचवायचं, आईने वा म्हणायचं, सोफा मी उचलायचा. मग त्याला घड्याळ उजवीकडे हवं झालं. कॅमेरा त्याला हॉल आरशासारखा उलटा दाखवतो की सुलटा, हे आम्हाला कुणालाच कळेना, त्यामुळे घड्याळ दोन्हीकडे लावून झालं. शेवटी माझ्या खुर्चीची पाळी आली.

"बारक्या, जरा बाजूला हो," आई म्हणाली. "दादाला घर नीट दिसत नाहीये."

मी त्याच घरात राहत होतो. मी बाजूला झालो आणि रिमोट बरोबर घेतला.

दादाचं मी काही वाकडं करणार नव्हतो. फक्त त्याचा आकार. मेनूत चित्राची लांबीरुंदी बदलता येते. मी त्याला आडवा ताणला. गाल दोन्ही बाजूंना पसरले, मान नाहीशी झाली, तो एखाद्या सोफ्यासारखा दिसायला लागला. आईने चष्मा लावला. तिचे डोळे भरून आले. "अंगाने भरलास रे," ती म्हणाली. वर्षानुवर्षं तिला तीच एक काळजी होती. त्या संध्याकाळी तिने सुनेचं इतकं कौतुक केलं की वहिनी मुद्दाम फ्रेममध्ये येऊन बसली. तीही ऐसपैस दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला उभा ताणला. आता तो दुधीसारखा झाला. एका रात्रीत इतका कसा वाळला, म्हणून आईच्या तोंडचं पाणी पळालं. दादाने परोपरीने सांगितलं की मी होतो तसाच आहे. ज्याला काही झालेलं असतं तो असंच म्हणतो, आई म्हणाली, आणि तिने सकाळचाही फोन सुरू केला.

इथे थांबायला हवं होतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि मेनूत रंगाचं पान अजून शिल्लक होतं. मी त्याला हिरवा केला. अगदी थोडा, कच्च्या टोमॅटोइतका. आईने त्याला जीभ दाखवायला सांगितली. पन्नास इंची टीव्हीवर माणसाची जीभ म्हणजे अंग पुसायचा पंचा. आई टीव्हीपाशी उभी राहून ती जीभ डावीकडून उजवीकडे तपासत होती, आणि मी मागे उभा राहून विचार करत होतो, माझी जीभ हिने शेवटची कधी बघितली.

दादाने घाबरून रक्त तपासून घेतलं. सगळं उत्तम निघालं. पण आपली एवढी काळजी कुणीतरी करतंय, या जाणिवेने तो हळवा झाला आणि दुपारच्या सुट्टीतही यायला लागला. माझं काम आता तो जेवत नसेल त्या वेळात व्हायचं. आईला कपाटं दाखवली तर ती म्हणायची, हो, छान, आणि घड्याळाकडे बघायची. दोन्हीकडे.

मग एक दिवस मी गिऱ्हाइकाच्या घरी मापं घ्यायला गेलो. पोचल्यावर कळलं की जुनं ड्रॉइंग घरच्या कॉम्प्युटरवरच राहिलंय. अर्धवट बांधलेल्या ओट्यापाशी उभा राहून मी घरी व्हिडिओ कॉल लावला. दादामुळे आईला तो घ्यायची सवय झालीच होती.

माझ्या फोनवर आमचा हॉल दिसला. आई माउस सोडून लगबगीने मागे आली, टीव्हीकडे बघून थबकली, आणि तिचा हात केसांकडे गेला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

माझा डबा तिनेच भरून दिला होता आणि तो माझ्या पिशवीत अजून गरम होता. मी म्हणालो, नाही अजून.

"वाटलंच. डोळे बघ कसे ओढलेत."

ड्रॉइंगचं राहूनच गेलं. तिने मला तिच्या गुडघ्याचं सांगितलं. महिनाभर दुखत होता, जिना उतरताना जास्त. खालच्या मजल्यावरच्या बाईने हिच्याबद्दल काय म्हटलं, आणि ते कसं हिला लागलं, तेही सांगितलं. मी विचारलं, हे घरी का नाही बोललीस.

"घरी तुझी पाठ असते माझ्याकडे," ती म्हणाली. आवाजात काही तक्रार नव्हती. ड्रॉइंगमध्ये सिंक कुठे आहे ते सांगावं तसं तिने सांगितलं.

मी संध्याकाळी घरी गेलो आणि खुर्ची फिरवून तिच्याकडे तोंड करून बसलो. गुडघा कसा आहे, विचारलं. "काय व्हायचंय त्याला. तू तुझं काम कर," ती म्हणाली, आणि मग दादा आल्यावर माझ्यासमोर, मी तिथे नसल्यासारखं, त्याला म्हणाली, "आज बारक्या आला होता टीव्हीवर. इतकं बरं वाटलं. किती समजून घेऊन बोलतो रे तो."

दादाचा चेहरा किंचित पडला. मी आकार बदललेला नव्हता. पण मला त्याचा आनंद झाला नाही, कारण माझ्या पोटात दुखायला लागलं होतं ते त्या दुसऱ्यामुळे. त्या बारक्यामुळे, जो एकदाच आला आणि महिनाभराचं सगळं घेऊन गेला. मी रोज सोफे उचलतोय आणि हा एका फोनमध्ये समजूतदार.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दादाच्या जेवणाच्या थोडं आधी, मी आईला बाहेर जातो म्हणालो, दार ओढून घेतलं, अर्धा जिना उतरलो आणि पायरीवर बसून घरी फोन लावला. दाराआडून टीव्हीची रिंग ऐकू आली. मग आईची पावलं. मग माझाच "हॅलो", माझ्यापेक्षा बराच भारदस्त.

तिने आधी जेवणाचं विचारलं, मग गुडघ्याचं सांगितलं. शेकून जरा उतरला होता. मग ती पुढे वाकून माझ्या मागे बघायला लागली.

"जिना आहे का रे तो? बरा दिसतोय. तिकडे झाडतात वाटतं. आमच्याकडे कुणी झाडत नाही."

खालच्या मजल्यावरची बाई वाळवणाच्या पिशव्या घेऊन वर येत होती. मी पाय आवळून तिला वाट दिली. ती माझ्याकडे बघत वर गच्चीकडे गेली. घरातून टिणटिण ऐकू आली. दुसरा फोन येत होता. आईने पडद्यावर कुठेतरी खाली पाहिलं.

"दादा आहे," ती म्हणाली.

तिचा हात माउसकडे गेला आणि टिणटिण थांबली.

"करेल नंतर," ती म्हणाली. "तू बोल. त्याचं काय, तो रोजचाच आहे." मग तिने पदर सारखा केला आणि सोफा थोडा पुढे ओढून घेतला, एकटीने, गुडघा दुखत असताना. "तू घरी कधी येतोस ते सांग."

मी पायरीवर जरा ऐसपैस बसलो, भिंतीला टेकलो आणि म्हणालो, इतक्यात काही जमेलसं वाटत नाही.