पुलाच्या मधल्या नावेची टोपली

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. भाकऱ्या ठेवायची नव्हे हं, दगड भरायची! युफ्रेटिसच्या काठी राहणाऱ्या शाल्मतनं मला ओल्या फोकांनी विणलं. रोमच्या सैन्याला नदी ओलांडायची असली की नावा शेजारी शेजारी बांधून त्यांवर फळ्या टाकतात. त्या नावा वाहून जाऊ नयेत म्हणून आम्हां टोपल्यांत दगड भरून, दोर बांधून, आम्हाला तळाशी सोडतात.

सैन्य हरून परत येतंय अशी बातमी आली आणि पुलाची एकच घाई उडाली. नावाडी हाबाई माझ्यात दगड भरत होता, तोच शाल्मत धावत आली.

"भावजी, गोटे नका भरू, घरंगळतात. धारदार कडांचे दगड घ्या."

"वहिनी, टोपली विणलीत, आता नदीपण तुम्हीच विणा!"

"थट्टा पुरे. हे शेवटच्या तुकडीत आहेत."

हाबाईचं हसू मावळलं. तिचा नवरा झब्दाई त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं गोटे काढून कडांचे दगड भरले.

मला मधल्या नावेखाली सोडलं. तिथे पाण्याची ओढ जबर! वर माणसं चालली की दोराला हिसके बसत. दुपारी माझा एक फोक कडकन तुटला. मग दुसरा. माझा जीव नुसता टांगणीला लागला. दगड सांडले तर नाव जाणार, नावेबरोबर पूल जाणार, आणि झब्दाई तर अजून पलीकडेच! मी चिखलात बूड रुतवून बसले.

अचानक हिसके थांबले. वर काय झालं ते मला नंतर हाबाईच्याच तोंडून कळलं. शत्रूचे घोडे दिसताच रोमन सरदार काठावरून ओरडला, "तोड पूल!" झब्दाई तेव्हा एका जखमी सोबत्याला पाठीवर घेऊन पुलाच्या पलीकडच्या टोकाला पोचत होता. मधल्या नावेवरच्या हाबाईनं कुऱ्हाड उचलली आणि नावा जोडणाऱ्या दोरावर न घालता मुद्दाम नावेच्या काठावर हाणली.

"काय रे, तुटत कसा नाही?"

"ओला आहे, सरदार! भिजला की चिवट होतो मेला!"

"तुझेच हात चिवट झालेत! मार जोरात!"

पुन्हा घाव काठावरच. मला तळाशी हादरे बसत होते. मग पावलं आली, जड, फरफटत. दोघांचं ओझं दोनच पायांवर. माझा तिसरा फोक गेला. अगं बाई, आता नको, थोडा वेळ थांब! मी कळवळले, पण धरून राहिले. पावलं डोक्यावरून पुढे गेली आणि हाबाईनं खराखुरा घाव घातला. पलीकडचा अर्धा पूल वाहून गेला.

"एवढा उशीर?" म्हणत शाल्मतनं झब्दाईच्या छातीवर बुक्के मारले आणि तिथेच रडली.

शाबासकी सरदाराला मिळाली. मला वर ओढून काढलं, तेव्हापासून मी फाटक्या बुडानं शाल्मतच्या अंगणात पडले आहे. माझ्यात कोंबड्या बसतात. त्याचं मला काही वाटत नाही. पण काल शिपाई नव्या टोपल्या मागायला आले. सैन्य पुन्हा पलीकडे निघालंय, झब्दाईसुद्धा. शाल्मत एकेक फोक दोनदा ओढून बघते, मगच विणते. हुकूम वेळेवर पाळला नाही म्हणून हाबाईला नावेवरून काढलंय, या खेपेला कुऱ्हाड दुसऱ्याच कुणाच्या हातात आहे.

मित्रांनो, त्याला मी ओळखत नाही. कदाचित उद्या ती कुऱ्हाड तुमच्या हातात येईल. हुकूम कितीही मोठ्यानं आला तरी, बाबांनो, घाव घालण्याआधी एकदा पलीकडे कोण राहिलंय ते बघा.