बारानंतरची गोळी

बापाला सोबत घेऊन कॉलेजच्या वर्गात बसणारी पोरगी रूपालीशिवाय दुसरी कुणी नसेल. पण तिचा बाप दौलत ऐकेल तर ना!

"पप्पा, सगळे हसतील."

"हसू दे. पोस्टात छत्तीस वर्षं टपाल निवडलं मी. आता हसण्याला कोण भितं?"

रूपालीच्या बी.कॉम.ला यंदा एक विषय आवडीचा घ्यायचा होता. आरोग्यशास्त्र किंवा राज्यशास्त्र. पहिला आठवडा कुठल्याही वर्गात बसून बघायचं, शुक्रवारी फॉर्म भरायचा. रूपालीला राज्यशास्त्र हवं होतं. दौलतचा हट्ट आरोग्यशास्त्राचा. का, ते त्याने लेकीला सांगितलं नव्हतं.

त्याची बायको सखू आश्विनात गेली. बीपी वाढलं, मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवसांत संपलं. त्याआधी वर्षावासाचे तीन महिने तिने अष्टशील, बौद्धांचं आठ नियमांचं व्रत, पाळलं होतं. दुपारी बारानंतर अन्न नाही. आणि बीपीची गोळी होती रात्रीची. "उपाशीपोटी गोळी घेऊ नको, आतडी जळतील," असं दौलतनेच तिला बजावलं होतं. तिने ऐकलं, गोळी बंद केली. त्याचं बोलणं ती सहसा ऐकत नसे, नेमकं हेच ऐकलं. त्या सुटलेल्या गोळीपायी ती गेली का, एवढंच त्याला कुणाकडून तरी कळायला हवं होतं.

नल्लकुंट्यातल्या घरून दोघं चालतच विद्यानगरच्या कॉलेजात आले. आरोग्यशास्त्राच्या नसरीन मॅडमनी दौलतला शेवटच्या बाकावर पाहिलं.

"क्या चाचा, तुम भी सब्जेक्ट लेरे?"

"नक्को मॅडम. एक सवाल है बस."

पोरं हसली. रूपालीने वहीत तोंड घातलं. दौलतने खिशातून सखूच्या गोळ्यांची अर्धी पट्टी काढली आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं, आपण काय बजावलं होतं तेसुद्धा. हसणं थांबलं.

मॅडमनी पट्टी उलटसुलट करून वाचली. मग त्या हळू बोलल्या, "ही गोळी नुसत्या पाण्यावरही चालते, चाचा. पाणी तुमच्या व्रतात चालतं?"

"पाणी चालतं. औषधही चालतं."

म्हणजे शीलाची आडकाठी नव्हती, गोळीचीही नव्हती. आडवा आला होता तो एकटाच.

"मग गोळी सुटली म्हणूनच ती गेली का?"

"हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. गोळी बंद असली की धोका वाढतो, एवढं खरं. पण दवाखान्यात तुम्हाला कुणी विचारलं का, घरी कोण कधी जेवतं?"

"कुणीच नाही."

"रमजानमध्ये आम्ही दवाखान्यांत तक्ता लावतो. कुठली गोळी पहाटे सहरीला, कुठली संध्याकाळी इफ्तारला. तुमच्या बारा वाजताचं मला आज कळलं."

"रोजेवाल्यांना तक्ता आहे, मग आम्हाला का नाही?" दौलतने विचारलं. तो भांडत नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कुणी मागितला नसेल," पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. मॅडमनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं: दुपारी बारा.

बाहेर आल्यावर रूपाली कँटीनच्या पायरीवर बसली. म्हणाली, "मला का नाही सांगितलं?"

"तू काय म्हणशील, म्हणून."

"मीही घरातच होते ना पप्पा. आईचं ताट रोज रात्री पालथं दिसायचं. मी तरी कुठे विचारलं?"

दौलतने तिच्या हातातला फॉर्म बघितला. विषयाची चौकट अजून कोरी होती.

"तुझ्या राज्यशास्त्रात शिकवतात का गं, असा तक्ता मागायचा कसा? कुणाकडे, कुठल्या कागदावर?"

"शिकवत असतील. नाही शिकवलं तर मी विचारेन."

"मग तेच भर."

"आणि तुमचं आरोग्यशास्त्र?"

"ते माझं मी बघतो. पौर्णिमेला विहारात बाया जमतात, त्यांना सांगायला पाहिजे." तो उठला आणि पुन्हा वर्गाकडे वळला.

"आता कुठे?"

"गोळीसोबत पाणी किती घ्यायचं, ते विचारायचं राहिलं."