चौकशीबाईंच्या पर्समधली गोटी

मित्रांनो, काचेच्या गोटीला काय आयुष्य असणार, असं तुम्हाला वाटेल. चार डाव खेळायचे आणि एक दिवस गटारात जायचं. मलाही तसंच वाटलं होतं. पण माझं नशीब निराळं निघालं. मी आयुष्यभर लोकांची घरं पाहत हिंडले. आता मी म्हातारी झाले आहे, अंगावर एक टवका उडालेला आहे आणि पोटातली निळी रेघ पुसट दिसते. तरी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. तापलेल्या काचेचा गोळा दोन गरगर फिरणाऱ्या रुळांवर पडला, आणि खाली उतरेपर्यंत मी गोल झाले होते. मी इतकी चोख गोल होते की तपासणाऱ्या बाईंनी मला दोनदा उचलून पाहिलं. पुढे मी एका पिशवीतून दुकानात आणि दुकानातून एका मुलीच्या हातात आले. तिचा नेम पक्का होता. मुलं तिच्याशी खेळायला कां कूं करायची, कारण ती खेळायला बसली की इतरांच्या खिशात काही उरत नसे.

ती मुलगी मोठी झाली आणि घरांची एजंट झाली. बहुतेक एजंट घर विकणाऱ्याच्या बाजूने काम करतात. ही मात्र घर घेणाऱ्यांच्या बाजूने काम करायची. प्रश्न इतके विचारायची की लोकांनी तिचं नावच चौकशीबाई पाडलं. पाणी किती वाजता येतं, शेजारी कोण, छत शेवटचं कधी दुरुस्त केलं, तुम्ही हे घर का विकताय? समोरच्याला घाम फुटेपर्यंत ती थांबत नसे. आणि विचारता विचारता ती मला पर्समधून काढून जमिनीवर ठेवायची.

जमीन सपाट असली की मी जागच्या जागी राहायची. उतार असला की निघायची. न्हाणीघरात मी जाळीकडे गेले तर ती खूश व्हायची, कारण तिथे उतार हवाच असतो. पण बैठकीच्या खोलीत मी चालू लागले की तिच्या कपाळाला आठी पडायची. गवंड्यांकडे यासाठी पाणसळ नावाचं अवजार असतं. चौकशीबाई म्हणायची, "पाणसळ काढली की घरमालक सावध होतो. गोटी काढली की हसतो."

लोक खरोखरच हसायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे. हसून झाल्यावर सगळे गप्प होऊन माझ्याकडेच बघत राहायचे, आणि एवढा मान तर घरातल्या झुंबरालाही मिळत नाही.

आता मी तुम्हाला त्या शिवणकाम करणाऱ्या ताईंची हकीकत सांगते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम तेच.

ताई घरीच कपडे शिवायच्या. त्यांचा नवरा बस चालवायचा. ताईंचे वडील, म्हणजे आबा, त्यांच्याजवळच राहायचे. आबांचे गुडघे गेलेले होते आणि भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेली. सात महिन्यांत आबा खाली उतरले नव्हते. त्यात मालकाने महिनाअखेर जागा रिकामी करायला सांगितली. आबांचं मागणं एवढंच होतं, की तळमजला असावा आणि खोलीत सकाळचं ऊन यावं.

असं एक घर गल्लीच्या टोकाला विकायला निघालं. ते विकण्याचं काम ज्यांच्याकडे होतं त्या एजंटांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊ बोलायला लागले की कडू औषधही गोड लागावं. पहिल्या दिवशी आम्ही पुढच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर पाहिलं. मी कुठेच हलले नाही. मागची खोली सामानाने खच्चून भरलेली होती. "ती नंतर दाखवतो," भाऊ म्हणाले.

मग चौकशीबाई दोन दिवस परगावी गेली, आणि नेमका तेव्हाच भाऊंचा ताईंना फोन आला. मागची खोली रिकामी झाली आहे, दुसरे लोकही घर बघून जात आहेत, तुम्ही येऊन जा. ताई, त्यांचा नवरा आणि आबा, तिघेही गेले. आबांना दोघांनी धरून तीन मजले उतरवलं होतं. भाऊंनी त्यांचा हात धरून त्यांना पायरी चढवली, मागच्या खोलीत उन्हात खुर्ची टाकून दिली आणि पाणी आणलं. आबा त्या उन्हात बसले आणि हसले.

हे सगळं ताईंनी नंतर शिवणयंत्राशी बसून चौकशीबाईला सांगितलं, तेव्हा मी पर्समध्ये होते.

"आणि तुम्ही भाऊंना काय काय सांगितलंत?" चौकशीबाईने विचारलं.

"सगळंच सांगितलं. लपवायचं काय? महिनाअखेर जागा सोडायचीय, हे सांगितलं. आबा कित्ती दिवसांनी हसले, ते सांगितलं. दुसरं एकही घर मनात भरलं नाही, हेही सांगितलं. फार चांगला माणूस आहे हो. अगदी आपल्या घरातला वाटतो."

"किमतीत कुठपर्यंत जाऊ शकता, तेही?"

"तेही," ताई म्हणाल्या. पर्सच्या पट्ट्यावरची चौकशीबाईची बोटं घट्ट झाली, ते मला कळलं.

दुसऱ्याच दिवशी भाऊंचा निरोप आला. मालक किमतीत एक पैसाही सोडायला तयार नाहीत. उद्या सकाळी विसार द्यायचा, म्हणजे घर पक्कं करण्याची पहिली रक्कम, नाहीतर घर दुसऱ्यांना जाईल.

सकाळी सगळे त्या घरात जमले. आबा आपल्या खुर्चीत उन्हात जाऊन बसले. घरमालक आले. ते निवृत्त पोस्टमन होते, अगदी कमी बोलणारे. ताईंच्या नवऱ्याच्या खिशात विसाराचं पाकीट होतं. चौकशीबाईने मला मागच्या खोलीच्या मधोमध ठेवलं.

मित्रांनो, मी निघाले.

आधी हळूहळू, मग भराभर. आबांच्या खुर्चीखालून गेले, बाहेरच्या भिंतीशी पोचले. भिंतीच्या पायथ्याला नवीकोरी लाकडी पट्टी ठोकलेली होती. मी तिच्यावर आपटले, कडेकडेने घरंगळत कोपऱ्यात गेले, आणि पट्टीखालच्या फटीत नाहीशी झाले.

आत गेल्यावर मला जे दिसलं ते बाहेर कुणालाच दिसत नव्हतं. खाली जमीन नव्हतीच, ओला चिखल होता. जवळच कुठेतरी पाणी ठिबकत होतं. भिंतीला माझ्याएवढी रुंद भेग होती आणि ती वर वर गेली होती, रंगाच्या मागे, कुठवर ते कळत नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण गोटीला तोंड नसतं.

"अहो, गोटीच ती. गेली असेल कुठे," भाऊ हसत म्हणाले. "कागद बघायचे ना?"

"गोटी जाते म्हणजे खाली पोकळ आहे," चौकशीबाई म्हणाली. "ही पट्टी काढून बघायची आहे."

"नवीन काम आहे बाई, खराब होईल," भाऊ म्हणाले.

"मग आज विसार नाही."

ताईंच्या नवऱ्याचा तोल सुटला. "तुम्हाला आम्ही घर घेऊन द्यायला आणलंय की मोडता घालायला? आठ दिवसांत आम्ही रस्त्यावर येऊ. या म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुठे जाऊ मी?"

ताई गुडघ्यांवर बसल्या. फटीत बोट घातलं आणि बाहेर काढलं, तर नखात ओला चिखल. मग त्यांनी पट्टीवरून हात फिरवला, रोज कापडावरून फिरवतात तसा.

"अस्तर आहे हे," त्या हळूच म्हणाल्या. "आतलं विरलेलं दिसू नये म्हणून मीही लावते अस्तर. मला कळायला हवं होतं."

मग त्यांनी घरमालकांना सरळ विचारलं, "काका, याच्या मागे काय आहे?"

घरमालकांनी आतून स्क्रूड्रायव्हर आणून स्वतःच पट्टी उचकटली. भेग सगळ्यांना दिसली. "मागच्या वर्षी सांडपाण्याचा पाइप फुटला," ते म्हणाले. "खालची माती वाहून गेली. तेव्हापासून भिंत खचतेय. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. पण कुणी विचारलंच नाही."

ताई भाऊंकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. "भाऊ, तुम्ही तरी आम्हाला..."

भाऊंचं हसू मावळलं होतं. पण ते खोटं बोलले नाहीत, एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन. "ताई, हे मलाही ठाऊक नव्हतं. मी विचारलंही नाही. मी मालकांच्या बाजूने काम करतो. तुम्ही मला जे जे सांगितलंत ते मी त्यांना सांगितलं. माझं कामच ते आहे. तुम्हाला मी आपला वाटलो, त्याला मी काय करू?"

ताईंचा नवरा आबांना उठवायला पुढे झाला. आबांनी डोळे मिटून घेतले होते. "अजून जरा बसू द्या रे," ते म्हणाले. "घर नका घेऊ. पण जरा बसू द्या."

सगळे थांबले. ऊन आबांच्या गुडघ्यांवरून सरकेपर्यंत थांबले. घरमालकांनी मला चिखलातून काढून, सदऱ्याला पुसून चौकशीबाईच्या हातात दिलं. माझा टवका उडाला तो तिथेच.

पुढे त्या घराचं काय झालं, मला ठाऊक नाही. भिंत पडली म्हणून सांगितलं असतं तर गोष्ट जास्त रंगली असती, पण मी पाहिलं तेवढंच सांगते.

ताईंचं कुटुंब महिनाअखेरीला बहिणीच्या दोन खोल्यांत राहायला गेलं. शिवणयंत्र दारामागे, आबांचा पलंग स्वयंपाकघरात. तीन महिने सगळ्यांनी अडचणीत काढले. सुरुवातीचे काही आठवडे ताई चौकशीबाईशी धड बोलतही नव्हत्या. बाईचं काही चुकलं नाही हे त्यांना कळत होतं, तरी राग यायचा. खरं बोलणाऱ्यावर राग काढणं सोपं असतं, कारण तो कुठे पळून जात नाही. चौकशीबाई दर आठवड्याला नवं घर दाखवत राहिली. नववं घर जमलं. तळमजला होता, जमीन सपाट होती, स्वयंपाकघर मात्र अंधारं. आणि खिडकी पश्चिमेला. आबांनी सकाळचं ऊन मागितलं होतं, त्यांना संध्याकाळचं मिळालं. त्याबद्दल ते शेवटपर्यंत कुरकुर करत राहिले, आणि रोज त्याच उन्हात बसत राहिले.

घराच्या किल्ल्या घेताना ताईंनी विचारलं, "त्या दिवशी आम्ही ते घर घेतलं असतं तर तुमचंही काम तिथेच झालं असतं. वर आठ घरं फुकट हिंडलात. एवढं कशासाठी?"

"मला रोज त्या गल्लीतून जावं लागतं," चौकशीबाई म्हणाली. "भिंतीकडे न बघता कशी गेले असते?"

त्यानंतर कितीतरी वर्षं मी खूप घरं पाहिली. मग चौकशीबाईने एक नवं यंत्र घेतलं. बटण दाबलं की भिंतीवर लाल रेघ पडते आणि उताराचा आकडा दिसतो. कुणी हसत नाही, कुणी वाकून बघत नाही. मी टेबलाच्या खणात टाचण्या आणि वाळलेल्या पेनांच्या शेजारी जाऊन पडले. त्या खणात मी किती वर्षं होते, ते मोजलं नाही. यंत्राचा मला राग नव्हता. फक्त कुणीतरी अधूनमधून खण उघडावा असं फार वाटायचं.

तो उघडला तो गेल्या महिन्यात. चौकशीबाईचे केस पांढरे झाले होते. आयुष्यभर ती भाड्याच्या जागेत राहिली होती, आणि आता स्वतःसाठी एका खोलीचं घर बघून आली होती. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. शाळेतून बक्षीस मिळवून आल्यासारखा. खिडकीपुढे झाड आहे, असं ती आपल्याशीच तीनतीनदा म्हणाली. मग ती फोनजवळ बसली, आणि तिने भाऊंना फोन लावला. मी टेबलावर होते. पलीकडचा आवाजही मला ऐकू येत होता. भाऊ थकल्यासारखे वाटत होते, पण गोडवा तोच होता.

"एक घर बघायचंय," ती म्हणाली. "या वेळी तुम्ही माझ्या बाजूने यायचं."

"माझी कसली गरज तुम्हाला?" भाऊ हसले. "अर्ध्या शहराची घरं तुम्ही पारखलीत."

"ती सगळी दुसऱ्यांची होती हो," चौकशीबाई म्हणाली. "हे मला हवंय. मी तिथे तासभर होते आणि एकही प्रश्न विचारला नाही."

भाऊ आले. त्यांनी मालकाला इतके प्रश्न विचारले की मलाही नवल वाटलं. तोच गोड माणूस, तीच हुशारी, फक्त बाजू बदललेली. घराचा सौदा जुळतो की नाही, ते अजून ठरायचं आहे.

मित्रांनो, माझं आयुष्य आता थोडंच उरलं आहे, म्हणून एवढं मागते. उद्या तुम्ही मोठे व्हाल, घरं बघाल. गोड बोलणाऱ्याशी तुम्हीही गोड बोला, पण तो कुणाच्या बाजूने काम करतो, ते आधी विचारा. आणि तुमच्या बाजूचं एक माणूस सोबत न्या, ज्याला ते घर नकोय. जे घर मनापासून हवं असेल ना, ते बघायला एकटे जाऊ नका.