मोहिनीबाई खेळायला बसल्या

मी नाशिकच्या इंदिरानगरातल्या एका घरातला गेम कन्सोल बोलतोय. टीव्हीखालच्या काळ्या डब्याला कसली आलीय जीवनकहाणी, असं वाटेल तुम्हाला. पण माझ्यासमोर जे घडलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यातला. २००८ च्या दिवाळीत भारतरावांनी मला घरी आणलं. ते मनमाडला रेल्वेत नोकरीला. सहावीतल्या दिशाने, त्यांच्या लेकीने, हट्टच धरला होता. तिची आई मोहिनीबाई आतल्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करायच्या. तिकडे त्यांचं मशीन धडधडे, इकडे आमच्या मोटारी सुसाट!

मग मला इंटरनेटची तार जोडली आणि शर्यतीत गावोगावची मुलं उतरली. दिशाला कोण आनंद! त्यातच तिला 'वाघोबा' भेटला. पुण्याचा, नववीतला, असं त्याने लिहिलं. बाकीची मुलं माइकवर नुसता कलकलाट करत. हा मात्र माइक बिघडलाय म्हणून फक्त मेसेज पाठवी. दिशाला मुद्दाम जिंकू देई. हळूहळू विचारू लागला, शाळा कुठली, क्लास कुठे, घरी कोण असतं? वर, 'आईला सांगू नकोस, आपलं गुपित.' प्रत्येक मेसेज माझ्यातूनच जायचा. जीव तुटायचा माझा, पण मला तोंड कुठे होतं?

एके दुपारी मेसेज आला, 'शुक्रवारी नाशिकला येतोय. क्लासबाहेर भेट. नाही आलीस तर तुझ्या आईला सगळं सांगीन.' तेवढ्यात मोहिनीबाई बाहेर आल्या. दिशाने झटकन टीव्ही बंद केला.

"हरलीस का गं?"

"नाही."

"मग डोळ्यांत पाणी कशाला?"

"तू ओरडशील."

मोहिनीबाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या. "नाही ओरडणार. सांग."

दिशाने रडत रडत सगळं सांगितलं. त्या माउलीने तिला जवळ ओढलं. "चूक त्याची आहे, बाळा. तू सांगितलंस, फार चांगलं केलंस."

मोहिनीबाईंचा फोन जाताच भारतराव संध्याकाळच्या गाडीने धावत आले, ते कडाडलेच. "आधी तो डबा उचल आणि फेकून दे!"

"अहो, डबा फेकला तर पुढच्या वेळी पोरगी आपल्याला काही सांगायचीच नाही. आणि त्याचे मेसेज यातच आहेत ना!"

एकही मेसेज न पुसता मोहिनीबाईंनी मला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि मांडीवर घेऊन रिक्षाने पोलीस ठाणं गाठलं. शुक्रवारी दिशा घरीच राहिली. क्लासबाहेर साध्या कपड्यांतले पोलीस उभे होते. वाघोबा आला. चाळिशीतला बाप्या होता तो! तिथेच धरला.

तपास आटोपून मी घरी परतलो. दिशा माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. मोहिनीबाईंनीच रिमोट उचलला. "मला शिकव बरं." त्यांची गाडी सुरू होताच भिंतीवर आदळली. पुन्हा आदळली. दिशा कित्येक दिवसांनी खदखदून हसली. मग दोघींनी मिळून माझ्या सेटिंग्ज उघडल्या. अनोळखी मेसेज बंद केले, यादीत ओळखीच्या मैत्रिणीच ठेवल्या, नवीन कुणाला घ्यायचं तर आईचा कोड लागेल असं केलं. शहाण्या बाईने खेळ बंद केला नाही, दार तेवढं लावून घेतलं.

आता बिल्डिंगमधली मुलंही इथे येतात. परवा वरच्या मजल्यावरची सगुणा दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, एकजण माझा फोन नंबर मागतोय." मोहिनीबाईंनी हातातली साडी बाजूला ठेवली.

माझा पंखा हल्ली घरघरतो, सीडी अडकते. माझ्या जागी लवकरच नवा कन्सोल येईल. तुमच्याही घरी येईल. त्याला बाहेरच्या खोलीतच ठेवा. आणि अधूनमधून मुलांच्या शेजारी बसून रिमोट हातात घ्या. हरलात तरी चालेल.